पँथरचा दवाखाना आणि आपली समीक्षा

अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य आणि आपले दलित साहित्य यांच्या नात्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यावर परिसंवाद झाले, प्रबंध झाले, पदव्याही मिळाल्या. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख आता प्रत्येक भाषणात येतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतले, हेही आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. काळ्यांची कविता आपण वाचली, त्यांचा संताप आपल्या संतापाशी ताडून पाहिला आणि त्यांच्या 'काळे ते सुंदर' या घोषणेत आपल्या अस्मितेचा शोध घेतला. हे सारे आवश्यकच होते. परंतु ज्या संघटनेचे नाव आपण छातीवर लावले ती संघटना दवाखाने चालवीत होती, याची दखल आपल्या समीक्षेने जवळजवळ घेतलीच नाही. बंदूक हातात घेतलेल्या पँथरचे छायाचित्र आपण पाहिले. रक्तदाब मोजणारी पँथर मुलगी मात्र आपल्याला दिसली नाही.

ॲलोंड्रा नेल्सन या समाजशास्त्रज्ञ विदुषीचे 'बॉडी अँड सोल' हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. ब्लॅक पँथर पार्टीने वैद्यकीय भेदभावाविरुद्ध दिलेल्या लढ्याचा तो इतिहास आहे. पुस्तक साहित्याचे नाही. तरीही त्याची चर्चा साहित्याच्या पानांवर व्हावी असे मला वाटते, कारण आपण ज्याला विद्रोह म्हणतो त्याची आपली व्याख्याच हे पुस्तक तपासायला लावते.

१९६६ च्या ऑक्टोबरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंड येथे पार्टी स्थापन केली. पोलिसांवर पाळत ठेवणे हे तिचे पहिले काम. पुढे शाळकरी मुलांना मोफत न्याहारी देणे सुरू झाले आणि १९७० साली सील यांनी प्रत्येक शाखेने दवाखाना काढलाच पाहिजे असा आदेश दिला. 'पीपल्स फ्री मेडिकल क्लिनिक' या नावाने निरनिराळ्या शहरांत हे दवाखाने उघडले. कुठे रिकामे दुकान, कुठे गळके घर. औषधे मागून आणलेली आणि डॉक्टर आठवड्यातून काही तास फुकट येणारे. त्यांत गोरे डॉक्टरही पुष्कळ होते, आणि ते १९६४ साली स्थापन झालेल्या मेडिकल कमिटी फॉर ह्यूमन राइट्ससारख्या संस्थेच्या वर्तुळातून आलेले. पार्टीची पोरे रक्त काढायला शिकली, नोंदी ठेवायला शिकली. मुलाच्या अंगात शिसे साचले आहे असे तपासणीत दिसले की ते भिंतीवरच्या जुन्या रंगातून आले हे ओळखून घरमालकाशी भांडायलाही तीच पोरे जात. डॉक्टर औषध लिहून देईल, पण भिंत कोण खरवडणार? नेल्सन याला सामाजिक आरोग्याची दृष्टी म्हणतात. फॅनन डॉक्टर होता आणि चे गव्हेराही डॉक्टर होता. या दोघांचे लेखन पार्टीच्या अभ्यासवर्गांत वाचले जाई, आणि चीनमधील अनवाणी डॉक्टरांची कीर्तीही तिथे पोचली होती. आपल्याकडे फॅनन वाचला गेला तो हिंसेच्या समर्थनासाठी. वसाहतीतला रोगी गोऱ्या डॉक्टरपुढे गप्प का बसतो याविषयी त्याने जे लिहिले आहे ते आपल्या चर्चेत फारसे आले नाही.

१९७२ साली पार्टीने आपला दहा कलमी कार्यक्रम सुधारला आणि सर्व काळ्या व पीडित लोकांना संपूर्ण मोफत आरोग्यसेवा ही मागणी त्यात घातली. हे वर्ष वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी मुंबईत आपली पँथर जन्माला आली.

दवाखान्यापर्यंत ही माणसे का आली हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. दक्षिणेत काळ्यांसाठी इस्पितळात वेगळा कक्ष असे, तोही बहुधा तळघरात. कित्येक ठिकाणी तेवढाही नसे. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने इस्पितळे बांधायला केंद्राचा पैसा दिला आणि 'वेगळे पण समान' या सबबीखाली भेदभावालाही सरकारी मान्यता दिली. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे काळ्या डॉक्टरांनी व रोग्यांनी दावा लावला आणि १९६३ साली वरिष्ठ न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६६ च्या जुलैत सुरू झालेली मेडिकेअर योजना यांनी उरलेले काम केले. भेदभाव करणाऱ्या इस्पितळाला मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही असे ठरले आणि शंभर वर्षे हृदयपरिवर्तनाची वाट पाहणाऱ्या देशातील इस्पितळांच्या पाट्या काही महिन्यांत उतरल्या. हृदयपरिवर्तनाच्या भाषेवर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांनी हा हिशेब मुद्दाम पाहावा.

डॉक्टर होण्याची वाटही अडवलेली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची दारे बंद म्हणून काळ्या डॉक्टरांना १८९५ साली आपली वेगळी संस्था काढावी लागली. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर काळ्यांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकली. असोसिएशनने माफी मागितली ती २००८ साली.

आणि टस्कीगी! अलाबामातील मेकन परगण्यात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचार न देता केवळ निरखले. तुलनेसाठी निरोगी असे २०१ पुरुष घेतले होते. त्यांना सांगण्यात आले की तुमचे 'रक्त खराब' आहे. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा मान्य उपचार झाला, तोही त्यांच्यापासून दूर ठेवला. १९७२ च्या जुलैत वृत्तपत्रांतून हे बाहेर आले तेव्हा पुष्कळजण मेले होते. हा सगळा इतिहास आपल्याकडे क्रौर्याची कथा म्हणून सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करते. या माणसांना गोळा करणारी, गाडीतून आणणारी, त्यांची आस्थेने चौकशी करणारी युनिस रिव्हर्स ही परिचारिका काळीच होती. ती दुष्ट नव्हती. तिला नोकरी होती, मान होता, आणि आपल्या लोकांना डॉक्टरचा निदान हात तरी लागतो याचे समाधान होते. ज्या समाजाला काहीच मिळत नाही त्या समाजात थोडेसे मिळणे हाच सापळा कसा होतो, हे तिच्यावरून कळते. आपल्यातून वर गेलेल्या आणि व्यवस्थेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांवर आपल्या आत्मकथनांतून जे ताशेरे आले आहेत ते मला यापुढे उथळ वाटतात. आपण त्याला गद्दार म्हणून मोकळे होतो, पण तो कोणत्या सापळ्यात उभा आहे ते लिहीत नाही.

नेल्सन यांच्या पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग सिकल सेलविषयीचा आहे, आणि आपला खरा संबंधही तिथेच येतो. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, शिरा तुंबतात, हाडे फुटतील अशा वेदना उठतात. एकाकडूनच दोष आला तर माणूस केवळ वाहक असतो आणि सहसा धडधाकट जगतो. अमेरिकेत हा काळ्यांचा आजार म्हणून त्यावर ना संशोधन ना पैसा. गोऱ्या मुलांत आढळणाऱ्या आनुवंशिक आजारांसाठी निधी जमत होता, हिच्यासाठी जमत नव्हता. १९७० साली एका वैद्यकीय नियतकालिकात ही तफावत आकड्यांनी मांडली गेली आणि पार्टीने ती उचलून धरली. चाचणीची साधने घेऊन पोरे घरोघर, मैदानोमैदान फिरली. आजार लपवला गेला तोही वर्णद्वेषामुळेच, असे त्यांनी सांगितले. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आपल्या आरोग्यविषयक संदेशात या आजाराचे नाव घेतले आणि १९७२ च्या मे महिन्यात त्यासाठी कायदा झाला. पँथरना तुरुंगात घालणारे सरकार पँथरचाच आजार हाती घेऊन पुढे आले!

यापुढे जे घडले ते विजयाची गोष्ट सांगणाऱ्याला अडचणीचे आहे, आणि नेल्सन ते टाळत नाहीत. अनेक राज्यांनी काळ्यांसाठी चाचणी सक्तीची केली. वाहक आणि रोगी यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाच नीट कळला नव्हता. धडधाकट वाहकांना विम्यात आणि नोकरीत अडथळे आले; हवाईदलाच्या अकादमीने वाहकांना प्रवेश नाकारण्याचा नियम ठेवला तो १९८१ पर्यंत. म्हणजे दुर्लक्षाविरुद्ध लढून जी दखल मिळवली तीच कलंक होऊन परत आली.

विदर्भातील वाचकाला हे सांगायला नको. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष प्रथम नोंदला गेला आणि १९५८ पर्यंत नागपूरकडील महार समाजातही तो आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकात आले. गोंड, परधान, महार, तेली, कुणबी अशा अनेक समाजांत तो आहे. ग्रीस आणि अरबस्तानातही आहे. जिथे मलेरिया होता तिथे तो टिकला. त्याला वर्ण नाही आणि जातही नाही. जात आहे ती उपचाराला. मी तालुक्याच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवले. ऐन परीक्षेच्या थंडीत सांधे धरून बसणारी पोरे मी पाहिली आहेत. गावात त्याला 'वात' म्हणत, किंवा 'पोरगं कामचुकार आहे' म्हणत. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात वेदनेने ओरडणाऱ्या मुलाला 'नाटक करू नको' असे सांगितलेले मी स्वतः ऐकले. अमेरिकेत नेमके असेच होते. सिकल सेलचा काळा रोगी तातडीच्या कक्षात वेदनाशामक मागतो तेव्हा तो नशेबाज असावा असा संशय पहिल्यांदा घेतला जातो. २०१६ साली व्हर्जिनियात वैद्यकीय विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टर यांची पाहणी झाली. काळ्यांची कातडी जाड असते यासारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी त्यांतील निम्म्या गोऱ्यांनी खरी मानली, आणि अशांनी काळ्या रोग्याची वेदना कमी लेखली. 'या लोकांना सहन होतं' हे वाक्य आपल्या आयाबहिणींनी बाळंतपणाच्या खाटेवर किती वेळा ऐकले असेल!

आता पुस्तकाविषयीची माझी तक्रार. यात कार्यकर्ता बोलतो, डॉक्टर बोलतो, पार्टीचे वृत्तपत्र बोलते. रोगी फार थोडा बोलतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई तिथे का आली, परत आली का, तिला पार्टीच्या राजकारणाचे काय वाटले, हे हाती लागत नाही. दवाखान्याचे रोजचे ओझे बहुतांशी बायकांनी वाहिले, पण पुस्तकाच्या मांडणीत संघटना इतकी मोठी आहे की त्या बायका तिच्या सावलीत राहतात. उलट रिबेका स्क्लूट यांच्या २०१० च्या पुस्तकात हेन्रिएटा लॅक्स ही एकच बाई आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या इस्पितळात, काळ्यांच्या कक्षात, ती कर्करोगाने वारली. तिच्या नकळत काढलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत आणि कुटुंबाला दोन दशकांहून अधिक काळ त्याचा पत्ता नव्हता. तिथे देह आहे, घर आहे, मुलीचा आक्रोश आहे. पण लढा नाही. जे मिळते ते एका गोऱ्या लेखिकेच्या चिकाटीतून मिळते. आपल्याला दोन्ही हवे. एका पुस्तकात ते एकत्र आलेले मी अजून पाहिलेले नाही.

की पाहिले आहे? बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आठवणवजा लेखनात (ते पुस्तिकारूपाने १९९० मध्ये आले) १९२९ सालचे एक पत्र आहे. काठियावाडातील एक अस्पृश्य शिक्षक, त्याची बाळंतीण बायको, आणि वस्तीत यायला नकार देणारा डॉक्टर. दोन रुपये फी, तीही मध्यस्थामार्फत. बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायचे. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच क्रमाने ते परत गेले. डॉक्टरने अंगाला हात न लावता न्यूमोनिया सांगितला. बाई मेली. बाबासाहेबांनी यावर जवळजवळ काही भाष्य केले नाही. या काही ओळींत रोगी आहे, डॉक्टर आहे, फी आहे, यंत्र आहे आणि त्या यंत्राचा हातोहात प्रवास आहे. टस्कीगीवर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांना जे सांगायला शेकडो पाने लागली ते इथे एका थर्मामीटरने सांगितले.

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातील बाळंतिणीची जी उपासमार आहे, सुईणींच्या हातून होणारे जे हाल आहेत, ते आपण सर्वांनी वाचले आहे. समीक्षेने त्याला दाहक अनुभव म्हटले, अस्सल बोली म्हटले, वेदनेचा आविष्कार म्हटले. त्या बाईला डॉक्टर का मिळाला नाही हा प्रश्न कोणी विचारला नाही. वेदना हे आपल्या समीक्षेचे इतके लाडके मूल्य झाले आहे की वेदनेवर उपचार असतो हेच ती विसरली. काळ्यांनी वेदनेची कविताही लिहिली आणि चाचणीची पेटी घेऊन दारोदारही हिंडले. आपल्या परंपरेत तेही आहे: १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांनी हडपसरच्या माळावर दवाखाना उघडला आणि मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या, त्यातच गेल्या. आपण त्यांची शाळा घेतली, आणि ते बरोबरच केले. दवाखाना मात्र माळावरच राहिला.

यावर आमचे डावे मित्र म्हणतील की हा गरिबीचा प्रश्न आहे. पैसा आला की दवाखाना आपोआप येतो. २००२ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शेकडो अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की उत्पन्न आणि विमा सारखे असूनही काळ्यांना व इतर अल्पसंख्याकांना कमी दर्जाचे उपचार मिळतात. २०२१ साली तिथे दर लाख जन्मांमागे काळ्या मातांचे मृत्यू ६९.९ होते, गोऱ्यांचे २६.६. दुसरे म्हणतील की तिथे वर्ण कातडीवर दिसतो, इथे जात दिसत नाही. दिसत नाही खरी, पण केसपेपरवर आडनाव लिहावे लागते आणि वस्तीचे नाव सांगावे लागते. घनश्याम शहा व सहकाऱ्यांनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी केली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात शिरत नव्हते. ते थर्मामीटर १९२९ साली परत गेले ते कायमचे नव्हे.

स्थलांतरितांचा प्रश्न नेल्सन यांच्या विषयाबाहेरचा, तरी तो जोडूनच आहे. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोतून आलेल्यांच्या यंग लॉर्ड्स या संघटनेने १९७० च्या जूनमध्ये क्षयरोग तपासणीची फिरती गाडीच ताब्यात घेऊन वस्तीत आणली आणि जुलैत ब्राँक्सचे मोडकळीस आलेले लिंकन इस्पितळ काही तास व्यापले. २०१० च्या आरोग्य विमा कायद्यानेही कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना बाहेरच ठेवले. शेतात राबवायचे आणि खाटेपाशी ओळखपत्र मागायचे ही रीत आपल्या ऊसतोडीच्या मजुरांना परकी वाटणार नाही. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा गर्भाशय काढलेल्या तेरा हजारांहून अधिक बायका निघाल्या. मिसिसिपीत फॅनी लू हेमर यांचे गर्भाशय १९६१ साली त्यांना न विचारता काढले गेले. बीडमध्ये बाईला विचारले जाते. खाडा झाला तर मुकादम दंड कापणार आणि नाही म्हटले तर कर्करोग होईल असे डॉक्टर सांगणार. मग ती हो म्हणते. या संमतीवर आपल्याकडे कादंबरी यायला हवी होती.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी असे तिचे उद्दिष्ट आहे. ती आदिवासीबहुल भागांवर बेतलेली आहे आणि ते योग्यच आहे. पण नागपूर-चंद्रपूरकडच्या बौद्ध वस्त्यांना त्यात किती जागा मिळते हे तिथल्या कार्यकर्त्यांनीच पाहायचे आहे. तपासणीनंतर वाटल्या जाणाऱ्या कार्डाचे लग्नाच्या बैठकीत काय होते, हेही. अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात या आजारावरच्या दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. एकाची किंमत बावीस लाख डॉलर, दुसऱ्याची एकतीस लाख. ओकलंडच्या पोरांनी मैदानात फुकट चाचण्या केल्या त्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

एम. ए.च्या विद्यार्थ्यांसाठी तुलनात्मक साहित्याचा पेपर लावताना काळ्यांच्या कवितेबरोबर नेल्सन यांचे सिकल सेलवरील प्रकरण, 'व्हिसा'मधले ते पत्र आणि 'जिणं आमुचं'मधील बाळंतिणीची पाने एकत्र लावावीत असे मी अभ्यासमंडळाला लिहून कळवले आहे. हा साहित्याचा विषय नव्हे, असे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले आहे.